खेचराचा डावा डोळा

शनिवार पेठ, सातारा
१९९८

प्रिय ज्ञानू,

शाळेत आपल्याला शिकवलं होतं की पत्राचं कारण पहिल्याच ओळीत यावं, घोळ घालू नये. म्हणून कारण सांगतो. काल सेलमहून तुझ्या सुभाषचं जाडजूड पाकीट आलं. तुझ्या वर्षश्राद्धाला कुंडलच्या घरात लावायला तो तुझा मोठा फोटो करून घेतोय, त्याचा छापखान्यातला कच्चा नमुना होता आत. फोटो पलटणीतला. टोपी तिरकी, मिशा भरघोस. आणि खाली सोनेरी अक्षरांत 'थरथरत्या हातांचा तपस्वी'. त्याच्याखाली बारीक टाइपात माझं नाव, शब्दांचा धनी म्हणून.

मला शिसारी आली. तुझी नाही, तुझ्या मुलाचीही नाही. त्या ओळीची आणि त्या नावाची. पाकीट उपडं घातलं, मोरीत जाऊन चूळ भरली, तरी तोंडातली चव जाईना.

ती ओळ मी तुझ्या शोकसभेत बोललो होतो. तू तिथे फक्त फोटोत होतास, म्हणून वृत्तान्त देतो. माजी सैनिकांचा हॉल, झेंडूचा हार, आणि मागच्या खोलीत चहाच्या कपबश्यांचा असा खणखणाट की बोलणाऱ्यांपेक्षा तोच जास्त मनापासून वाटावा. पहिल्या वक्त्याने तुला सबंध वेळ 'ज्ञानेश्वरराव' म्हटलं, हयातीत कुणीच म्हणत नव्हतं ते. दुसरा म्हणाला, तू अजातशत्रू होतास. तू? अर्ध्या पेठेला 'रेडिओ आपटून आणायचा आन् वर खराब निघाला म्हनायचं' असं सुनावणारा तू? तिसरा वीस मिनिटं स्वतःच्या बढतीबद्दल बोलला. मला तिघांचाही वीट आला होता, आणि मग मी उठलो व त्यांच्यापेक्षा वाईट बोललो.

'थरथरत्या हातांचा तपस्वी', असं मी म्हणालो. थ आणि त जमले होते. आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबायचं, सगळं मला येतं; छत्तीस वर्षं वर्गात तेच केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या, ज्ञानू. आणि मी मान लववून त्या घेतल्या. सुभाषने डोळे पुसले.

आणि त्यात बनवाबनवी होती. तुझा हात थरथरत होता, ते खरं. पण सांगलीला त्या हाताने दगा दिला नव्हता. मला हे त्याच दिवशी कळलं होतं, तू तिथल्या हॉलबाहेर पायरीवर बसला होतास तेवढ्या वेळात. तुला मी सांगितलं नाही. आता सांगतोय, तुझं उलट उत्तर यायची भीती उरली नाही तेव्हा. माझा भित्रेपणा इथेही आलाच, बघ.

आठवतं का रे, औंधच्या शाळेत आपण एका बाकावर बसायचो? मी कुंडलच्या ह्या पोराशेजारी बसलो म्हणून घरी नाराजी होती, कारण तू मला बिघडवशील. गुरुजी फळ्यावर कविता लिहायचे आणि मला वाटायचं, जग एवढंच आहे, लघु आणि गुरू. तू बाकाखाली दोऱ्याची रिकामी रिळं आणि काडेपेटी जोडून गाडी करायचास. एकदा ती गाडी गुरुजींच्या पायापर्यंत गेली. छड्या दोघांना बसल्या. मधल्या सुट्टीत तळहात चोळत तू म्हणालास, "तुजी कविता माज्या गाडीत बसली असती तर तीबी लांब ग्येली असती."

मग तू फौजेत गेलास, वायरलेसचे सेट दुरुस्त करायला. मी मास्तर झालो. तुझी पत्रं यायची, चार ओळींची. माझी जायची, चार पानांची. तू कधी म्हणाला नाहीस की आवर. म्हणायला हवं होतंस.

निवृत्तीनंतर तू शनिवार पेठेत रेडिओदुरुस्तीचं दुकान मांडलंस आणि मागच्या खोलीत राहू लागलास, तेव्हा मला पुन्हा चौथीत गेल्यासारखं वाटलं. रोज दहाला मी येऊन स्टुलावर बसायचो. तू काम करायचास, मी बोलायचो. वहिनी गेल्यावर तू अधिकच गप्प झालास, आणि मी अधिकच बोलू लागलो.

संगणक आले ते भंगाराच्या हातगाडीवरून. कुठल्याशा कचेरीने टाकून दिलेले दोन, त्यांचा प्रिंटर, दोन माउस. माझ्या डोळ्यांना तो निव्वळ उकिरडा. तू मात्र हातगाडीभोवती अशी प्रदक्षिणा घातलीस की भंगारवाल्याला संशय आला. घरी आणून तू सगळं पाटावर मांडलंस, स्क्रू वेगळे, तारा वेगळ्या, मोटरी वेगळ्या, आणि म्हणालास, "मास्तर, हे मेलेलं न्हाई. हे झोपल्यालं हाय."

मी म्हणालो, ही ओळ मला दे. तू म्हणालास, "घे. मला मोटर पायजे."

त्याच सुमारास सांगलीच्या एका कॉलेजातल्या हौशी मंडळींनी पत्रक काढलं होतं. संगणकाच्या भंगारातून छोटा यंत्रमानव बनवा, वयाची अट नाही. पांढऱ्या फळ्यांवर काळी पट्टी चिकटवलेली असेल, तीन वळणं असतील. यंत्राने कोणीही हात न लावता पट्टीवरून जायचं आणि टोकाला एक लिंबू पोचवायचं. जिंकणाऱ्याला टाळ्या, हरणाऱ्याला चहा, असं त्यांनीच गमतीने लिहिलं होतं. म्हणजे खेळच. पण तुझ्यासाठी तो खेळ उरला नाही, आणि हे आपल्या तिघांनाच माहीत होतं.

सुभाष वाईट नव्हता, आजही नाही. विट्याच्या सासऱ्यांनी तिकडे तामिळनाडूत, सेलमला नेऊन सोनं गाळायच्या धंद्यात बसवलेला मुलगा, बाप एकटा राहतो म्हणून जीव टांगलेला. त्या उन्हाळ्यात तू कढईएवढ्या जुन्या रेडिओत उलटी तार जोडलीस आणि तो जळला. मग सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने बोट भाजून घेतलंस. सुभाष म्हणाला, "बाबा, हात ऐकत नाही आता. दुकान बंद करा, सेलमला चला." तू म्हणालास, "सांगलीला माजं यंत्र शेवटपतूर ग्येलं, तर ह्यो विषय पुन्ना काढायचा न्हाई. आन् माज्या जोडकामानं अडलं, तर त्याच दिवशी किल्ली तुज्या हातात." सुभाषने कबूल केलं. मी साक्षीदार.

काय महिने होते ते. प्रिंटरमधल्या दोन मोटरी म्हणजे पाय, तिसरं चाक कुठल्याशा खुर्चीचं. लिंबू ठेवायला पत्र्याचा चौकोनी खळगा. पुढचा भाग बिस्किटाच्या लाल डब्याचा कापलेला पत्रा, आणि त्याच्या खालच्या कडेला दोन डोळे. माउसच्या पोटातून काढलेले, ज्वारीच्या दाण्याएवढे. प्रत्येक डोळ्यात एक दिवा आणि एक बघणारा. दिव्याचा उजेड पांढऱ्यावरून परत येतो, काळ्यावरून येत नाही. डाव्या डोळ्याला काळं दिसलं की यंत्र डावीकडे वळायचं, उजव्याला दिसलं की उजवीकडे. तू मला हे अकरा वेळा समजावलंस. बाराव्या वेळी मी म्हणालो, "कळलं, काळं दिसलं की तिकडेच वळायचं, ही रडणाऱ्या माणसाची गोष्ट आहे." तू हातातली पकड खाली ठेवून कपाळावर हात मारलास.

डाव्या डोळ्याच्या जोडकामाला तुला तीन दिवस लागले. हात हलायचा, थेंब भलतीकडे पडायचा, तू पुसून पुन्हा करायचास. तिसऱ्या दिवशी जमलं. चार बोटांच्या अंतरावरून फुंकर घालत तू म्हणालास, "ओके रिपोर्ट." मी तुला इतका आनंदी नंतर पाहिला नाही.

नाव मला 'मेघवाहन' ठेवायचं होतं. तू फॉर्मवर 'खेचर' लिहून टाकलंस.

"अरे, खेचर? काय हे ओंगळ नाव."

"डोंगरावर आमचं रेशन कुनी पोचवलं? तुज्या मेघानं का खेचरानं? लिंबू न्ह्यायचंय. खेचरच बरं."

ते पाटावरून चालू लागलं की त्याच्या दातेरी चक्रांचा आवाज यायचा, एक छोटा, दोन लांब, एक छोटा, दोन लांब. मी म्हणालो, ज्ञानू, हे भुजंगप्रयात वृत्तात चालतंय. तू म्हणालास, "तुजा भुजंग लांब धर, लिंबू पाडंल."

डिसेंबरात आपण एस.टी.ने सांगलीला गेलो, खेचर तुझ्या मांडीवर, दुलईत गुंडाळलेलं. सुभाष विट्याहून एका लग्नातून परस्पर आला. हॉलमध्ये पंधरा-वीस यंत्रं होती आणि माणसं खरंच चांगली. मिरजेचा एक घड्याळजी होता, त्याने तुझी बॅटरी उतरलेली बघून स्वतःची काढून दिली. ते लोक आठवले की बरं वाटतं. पण पाहुणे दोन तास उशिरा आले, मग हार, मग तुरे, मग नारळ, मग एकविसाव्या शतकावर भाषण, आणि ते शतक आपल्या ताटात जेवण वाढायला येणार असल्यासारखे सगळे ऐकत बसले. तू माझ्या कानाशी म्हणालास, "ह्येला काळ्या पट्टीवर सोडा, लवकर संपंल." मी हसलो. मला तेव्हा वाटलं, असल्या सोपस्कारांचा तिटकारा आपल्या दोघांना सारखाच आहे. तुझा खरा होता. माझा नव्हता, हे अर्ध्या तासाने ठरलं.

तू सकाळीच खेचर एकदा पट्टीवर चालवून बघितलं होतंस. तिन्ही वळणं नीट घेतली. मग ते टेबलावर ठेवून तू बोट उगारलंस. "आता सील. चेक झाल्यावर सायेब आला तरी हात लावायचा न्हाई. फौजेत ह्येच. तूबी न्हाई, मास्तर." मी म्हणालो, बरं.

माझ्या खिशात पुडी होती. औंधच्या यमाईचं कुंकू. आमच्या हिने निघताना दिलेलं. "नवं वाहन आहे हो, बोट लावा त्याला," म्हणाली. आपल्याकडे सायकल आणली तरी कुंकू लागतं, ट्रॅक्टरला लागतं, शिवणयंत्राला लागतं. मी तुला एस.टी.त विचारलं होतं, तर तू म्हणालास, "दसऱ्याला कर काय करायचं ते. चालत्या मशिनीला न्हाई." विषय संपला होता. तुझ्या बाजूने.

जेवणाच्या सुट्टीत तू हात धुवायला गेलास. मी एकटा खेचरासमोर. खरं सांगू? मला भक्ती वगैरे आली नव्हती. मला एवढंच वाटलं की ह्या यंत्रात माझं काही नाही. एक स्क्रूसुद्धा नाही. महिनोन्‌महिने स्टुलावर बसून मी फक्त बोललोय. आणि आज हे चाललं नाही तर माझं दहा वाजताचं स्टूल जाणार. मला काहीतरी करायचं होतं, आणि मला जे करता येतं ते हे असलंच. तळहातावर पेल्यातल्या पाण्याचे थेंब घेतले, कुंकू कालवलं, आणि लाल पत्र्यावर, दोन डोळ्यांच्या वर, टिळा लावला. तोंडाने काहीतरी पुटपुटलोही. चाल बरी होती.

तेवढ्यात दारातून तुझा आवाज, "मास्तर, चल, आपला नंबर आला."

मी घाबरलो, ज्ञानू. पासष्टीचा माणूस, पोरासारखा. घाईने रुमाल काढला आणि टिळा पुसला, वरून खाली, जोरात. लाल पत्र्यावर लाल काही दिसेना. मी रुमाल खिशात कोंबला आणि चेहऱ्यावर निष्पाप भाव आणला. त्या भावाची मला आज सगळ्यात जास्त किळस येते. कुंकवाचीही नाही इतकी.

माइकवरून नाव पुकारलं, "कुंडलचे हवालदार आणि साताऱ्याचे मास्तर यांचं खेचर." लोक हसले, प्रेमाने. तू ते पट्टीवर ठेवलंस, लिंबू ठेवलंस, बटण दाबलंस. एक छोटा, दोन लांब. पहिलं वळण उजवीकडे होतं, घेतलं. दुसरं उजवीकडे, घेतलं. सुभाष माझ्याशेजारी पुटपुटला, "जातंय काका, जातंय." त्या पोराला ते जायला हवं होतं, हे तुला कळलं होतं का? त्याच्या तोंडावर स्पष्ट होतं.

तिसरं वळण डावीकडे. खेचर वळलंच नाही. पट्टी सोडून सरळ चालत गेलं, अगदी शांतपणे, फळीवरून खाली उतरलं आणि पाहुण्यांच्या टेबलाच्या पायाला धडकलं. लिंबू घरंगळत त्यांच्या चपलेशी गेलं. कोणीतरी ओरडलं, "खेचर मोकाट सुटलं." सगळा हॉल हसला. तूही हसलास. मग तू खाली वाकून ते उचललंस आणि उचलताना तुझी नजर स्वतःच्या हातावर गेली. हात हलत होता, लोकांत असला की हलायचा तसा.

"डाव्या डोळ्याचा जोड," तू म्हणालास. "माजाच. ढिला ऱ्हायला."

मिरजेचा घड्याळजी म्हणाला, "हवालदार, पुन्हा एकदा चालवा, आमची कुणाची हरकत नाही." दोन-चार जण व्हय व्हय म्हणाले. तू मान हलवलीस. "सीमेवर पुन्ना न्हाई मिळत." आणि यंत्र माझ्या हातात देऊन, "पिशवीत घाल," म्हणून बाहेर गेलास. सुभाष मागोमाग.

का रे? इथे मात्र माझा तुझ्यावर राग आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांचे सेट उघडून बघितलेस. गिऱ्हाईक म्हणायचं बल्ब गेलाय, तू म्हणायचास, आधी उघडून बघू. स्वतःचं एक यंत्र उघडून बघता आलं नाही तुला? आपला हात गेला, हे मानायला तू इतका तयार कसा बसला होतास? एक मिनिट वाकून बघितलं असतंस, तर मी सुटलो असतो. अर्थात हे वाक्यही तुझ्या डोक्यावर ओझं टाकण्यासाठीच आहे. पुढे जातो.

हॉल रिकामा झाला. कागदी द्रोण, चुरगळलेले हार, नारळाच्या करवंट्या. मी पिशवी उघडली, खिशातून रुमाल काढला खेचर पुसायला, आणि रुमाल लाल. मग मी चष्मा लावून खालून बघितलं. डाव्या डोळ्यावर वाळलेल्या कुंकवाचा थर होता, चांगला घट्ट, मी दाबून बसवलेला. त्याचा स्वतःचाच उजेड त्याच्यावर परत येत होता, त्यामुळे त्याला सगळीकडे पांढरंच दिसत होतं. काळं म्हणून त्याला दिसणारच नव्हतं. तू अकरा वेळा शिकवलेलं मला त्या क्षणी पुरतं कळलं.

काडेपेटीतली काडी घेऊन मी तो थर खरवडला, फुंकर मारली. फळ्या अजून तिथेच होत्या. खेचर पट्टीवर ठेवलं, कुणाचं तरी पायाखाली आलेलं लिंबू उचलून खळग्यात ठेवलं, बटण दाबलं. गेलं. उजवं वळण, उजवं वळण, डावं वळण, आणि टोकाला जाऊन थांबलं. तुझा जोड पक्का होता, ज्ञानू. तीन दिवस हललेल्या हाताने केलेला जोड, धडकून, पडून, पक्का होता.

झाडू मारणारी बाई कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "आवं मास्तर, आता कसं चाललं? मगाशी तर ग्येलं की भलतीकडं. बोलवा की त्या म्हाताऱ्या बाबास्नी. पायरीवर बसल्यात, तोंड एवढंसं झालंय त्येंचं."

मी म्हणालो, "यंत्राचं काय बाई, लहरी असतं."

ती म्हणाली, "यंत्राचं व्हय?" आणि झाडू लागली.

बाहेर तू सुभाषच्या हातात दुकानाची किल्ली ठेवत होतास. तो घेत नव्हता. "बाबा, अहो खेळ होता तो." तू त्याची मूठ धरून बंद केलीस. तिथे दहा पावलांवर मी उभा, हातात पिशवी. दोन वाक्यं पुरली असती. कुंकू मी लावलं. पुसलंही मी. मला कवितांच्या कविता पाठ येतात, ही दोन वाक्यं आली नाहीत. का, याचं उत्तर मी दीड वर्ष शोधलं आणि ते फार क्षुद्र निघालं. तू मला शिव्या दिल्या असत्यास आणि मग पुन्हा स्टुलावर बस म्हणाला असतास, हेही मला माहीत होतं. मला फक्त त्या शिव्या, त्या सगळ्यांच्या देखत, नको होत्या. एवढ्यासाठी.

परतीच्या एस.टी.त इस्लामपूर गेलं, कऱ्हाड गेलं. मनाशी म्हणालो, उंब्रज आलं की सांगतो. उंब्रजला तुझा डोळा लागला. झोपेत तुझे दोन्ही हात मांडीवर अगदी स्थिर होते.

जानेवारीत तू सेलमला गेलास. जाताना हत्यारं वाटून टाकलीस, खेचर मला दिलंस. "शोभेला ठेव तुज्या पुस्तकांत." सेलमहून तुझी तीन कार्डं आली. पहिल्यात, इथं सगळं बरं हाय, सून चांगली हाय. दुसऱ्यात, इथली भाषा कळत न्हाई, गच्चीवर बसून असतो. तिसऱ्यात एकच ओळ होती, हाताला काम न्हाई म्हणून हात लय हलतोय.

त्या ओळीला मी काय उत्तर दिलं, आठवतं? मी तुला मंदाक्रांतेत बारा ओळी लिहून पाठवल्या. पिकलेलं पान, मावळती, असलं सगळं. नक्कल माझ्या वहीत आहे. काल ती वाचली आणि पान फाडलं. फाडताना हाताला तेलकट लागल्यासारखं झालं. तू त्या बारा ओळींना उत्तर पाठवलं नाहीस, आणि भाद्रपदात तू गेल्याची तार आली.

कवितेला मी दोष देत नाही. औंधच्या वर्गात ऐकलेल्या त्या ओळी आजही कानात येतात तेव्हा छाती भरून येते, त्या लिहिणाऱ्यांनी काही माझ्यासारखी लपवाछपवी केली नव्हती. मी त्यांचा नाद तेवढा घेतला आणि जिथे बोलायचं तिथे वाजवत बसलो. शोकसभेतसुद्धा. तुझा धडधाकट जोड खोटा ठरवून तुझ्या हाताला 'थरथरता' म्हणालो आणि वर त्याला तपस्वी केलं, म्हणजे कुणी तपासायला नको. आता ते सोन्यात छापणार, आणि तुझी नातवंडं मोठी होऊन वाचणार की आजोबांचा हात गेला होता.

नाही छापणार. आज सकाळी तो नमुना मी सुभाषला परत पाठवला. ओळीवर काट मारली, माझ्या नावावरही. सोबत साधं पत्र, अर्ध्या पानाचं, एकही उपमा नाही त्यात. सांगलीला काय झालं ते, कुंकवापासून किल्लीपर्यंत. ते टपालात टाकलं आणि मगच हे तुझं लिहायला बसलो. उलट केलं असतं तर तुला लिहून मन हलकं झालं असतं आणि त्याचं पत्र राहिलं असतं. मी मला ओळखतो आता.

तो काय म्हणेल, माहीत नाही. बापाला मी नेलं, मीच नेलं, असं तो वर्षभर स्वतःशी म्हणत असेल. किंवा बरं झालं नेलं, असंही. माझं पत्र वाचून त्याचं कुठलंच समाधान उरणार नाही, एवढं कळतंय. आमची ही म्हणाली, "मेलेल्या माणसाचं झालं ते झालं, जिवंताला कशाला जाळता?" मी म्हणालो, गप्प बसून मी तेच करतोय. कुंकवाची पुडी तिने दिली होती, हे तिच्या मनात आलं असणार. तिला मी सांगितलं, पुडीत काही नव्हतं गं, रुमालात होतं.

आता तुला वचन देतो, आणि हे वृत्तात नाही.

वर्षश्राद्धाला मी कुंडलला येणार. खेचर घेऊन. त्याची बॅटरी पेठेतल्या पोस्टाजवळच्या दुकानातून नवी घेतलीय, बाकी एका तारेला हात लावलेला नाही, पत्रा पुसलासुद्धा नाही. जेवणं उरकली की ओसरीवर पांढरा कागद पसरून त्यावर काळी पट्टी चिकटवीन, सांगलीसारखीच, उजवं, उजवं, डावं. सुभाष, सून, नातवंडं, भावकी, सगळ्यांना बसवीन. आणि माझ्या तोंडाने, उभा राहून, झालेलं सगळं सांगीन आणि मग बटण दाबीन.

मला त्या बटणाची भीती वाटते. ते अडेल म्हणून नाही रे. अडलं तर मी सुटेन. लोक म्हणतील, म्हातारा मास्तर मित्राच्या प्रेमापोटी काहीतरी बरळतोय, हवालदारांचा हातच गेला होता. मला भीती आहे ती ते चालेल याची. ते चालणार. डावं वळण घेणार. आणि ते टोकाला जाऊन थांबेल तेव्हा ओसरीवरची सगळी माणसं यंत्राकडून मान वळवून माझ्याकडे बघतील, सुभाष सगळ्यात आधी.

तेव्हा मी खाली बघणार नाही.

तुझा,
मास्तर